वळकटीसकट तिसरा

१९६८ सालच्या फेब्रुवारीत जळगावच्या एका मैदानावर सैन्यभरतीची धाव झाली. अंतर एक मैल, म्हणजे मैदानाला चार फेऱ्या. पळणारे छत्तीस. त्यात तिसरा आलेला तरुण भरतीसाठी आलेलाच नव्हता. शिवाय पळताना त्याच्या डोक्यावर वळकटी होती.

वळकटी त्याची नव्हती. ती बोरटेकच्या पाटलांचा मुलगा अभिमन याची होती. आत गादी, सतरंजी आणि उशी. उशीच्या अभ्र्यात आईने लपवलेले शेंगदाण्याचे लाडू. अभिमनला फौजेत जायचं होतं आणि सामान वाहायला पाटलांनी आपला सालदार बरोबर दिला होता. सालदार म्हणजे आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. या गड्याचं नाव उखर्डू.

अभिमनला ओळीत उभं केलं, तेव्हा उखर्डू त्याच्या मागे उभा राहिला. सामान मालकाच्या मागेच असतं. शिट्टी झाली, अभिमन पळाला, म्हणून उखर्डूही पळाला. दुसऱ्या फेरीत त्याने अभिमनला मागे टाकलं.

"माले सांगेल व्हतं, भाऊना मांगे राहजो," असं त्याने नंतर गावात सांगितलं. "पन भाऊ भलता हळू पळे."

भरतीच्या साहेबांनी त्याला विचारलं, की वळकटी खाली का ठेवली नाहीस. "खाले ठेव आसं कोनी सांगं नई," उखर्डू म्हणाला. साहेबांनी त्याचं नाव लिहायला सांगितलं. छाती भरली. उंची भरली. वजन अर्धा किलो कमी पडलं, कारण या वेळी वळकटी खाली ठेवायला सांगितली होती. त्याला तासाभराची सवलत मिळाली. त्या तासात त्याने तांब्याभर पाणी आणि उशीतले चौदा लाडू पोटात घातले. वजन भरलं.

त्या दिवशी मैदानातून दहा जण घेतले. अभिमन अकरावा आला होता.

अभिमन नाना आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांच्या बुटात खडा होता. हा खडा गेली सत्तावन्न वर्षं बोरटेकमध्ये प्रसिद्ध आहे. पाचोऱ्याहून भडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर या गावाचा फाटा लागतो. फाट्यावर एसटी थांबते आणि थांब्यापासून गाव चालत दहा मिनिटं. नाना थांब्यावर दिसले, की कुणी ना कुणी विचारतंच, "नाना, बूट झटका का?"

उखर्डूचं बाकीचं आयुष्य थोडक्यात सांगता येतं, कारण ते होतंच थोडं. जन्म १९४८चा. त्याच्याआधीची तीन भावंडं गेली होती. म्हणून त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने उचलून आणलं. टाकून दिलेल्या पोरावर कुणाची नजर जात नाही, असा त्यामागचा हिशेब. नावही तसंच ठेवलं. हिशेब तेवीस वर्षं बरोबर आला.

फौजेचं पत्र आलं तेव्हा आखाजीला दोन महिने होते. पाटील म्हणाले, साल पुरं कर आणि मग जा. उखर्डूला हे रास्त वाटलं. फौजेला दोन महिने थांबायला सांगावं, असा निरोप कुणाबरोबर पाठवायचा, याची तो चौकशी करू लागला. शेवटी त्याचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर उरलेल्या सालावर उभा राहिला आणि उखर्डू गेला. पुढच्या वर्षी रजेवर आला असताना त्याचं लग्न झालं. बायको भिकुबाई, वय सोळा. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व आघाडीवर, एका कालव्याच्या अलीकडे, तो मारला गेला.

हे सगळं गावाला माहीत होतं. तरी गावात त्याचा पुतळा नव्हता. दोन वर्षांपूर्वी सरपंच हेमांगीताईंनी पुतळ्याचा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. पुतळा समितीचे अध्यक्ष अभिमन नाना झाले, कारण उखर्डूला पाहिलेला दुसरा पुरुष गावात उरला नव्हता. पुतळा फाट्यावर बसवायचा आणि पडदा भिकुबाईंनी ओढायचा, हेही ठरलं.

धुळ्याच्या निंबा मूर्तिकारांना काम दिलं. निंबाभाऊ फायबरचे पुतळे करतात. सैनिकाचं धड त्यांच्याकडे तयार असतं. सहा फूट उंच, छाती पुढे, हातात बंदूक. डोकं ऑर्डरप्रमाणे.

"फक्त फोटो पाठवा," निंबाभाऊ फोनवर म्हणाले.

फोटो एकच होता. १९७२च्या उन्हाळ्यात उखर्डूचा सोबती ठाकऱ्या त्याची ट्रंक पोहोचवायला आला होता. ठाकऱ्या पिंपळनेरकडच्या एका पाड्यावरचा. ट्रंकेत दोन सदरे, एक मग, मफलर पिळून बांधलेली चुंबळ आणि एक समूहफोटो निघाला. डोक्यावरच्या ओझ्याखाली ठेवायची ती चुंबळ भिकुबाईंनी पुढे अकरा वर्षं पाण्याच्या हंड्याखाली वापरली आणि झिजल्यावर टाकली. फोटो राहिला. त्यात चार रांगांमध्ये बेचाळीस जवान आहेत. प्रत्येकाचा चेहरा मसुरीच्या डाळीएवढा. त्यात उखर्डू कोणता, हे ठाकऱ्याने बोट ठेवून दाखवलं होतं. पण ते बोट नेमकं कुठे होतं, यावर आज एकमत नाही. भिकुबाई तिसऱ्या रांगेतला चौथा म्हणतात. अभिमन नाना दुसऱ्या रांगेतला सातवा म्हणतात. निंबाभाऊंनी मोबाइलवर मोठा करून पाहिला. तिसऱ्या रांगेतला चौथा सरदारजी निघाला. दुसऱ्या रांगेतल्या सातव्याने नेमकी त्याच क्षणी मान वळवली होती.

सैन्याच्या कचेरीशी पत्रव्यवहार चालू होता. तो अजूनही चालू आहे.

इथे वीर नाचवण्याची रीत सांगायला हवी. घरातला कुणी लढाईत पडला असेल, तर खानदेशात अनेक घरं धुळवडीला त्याचा वीर काढतात. वीराचा चांदीचा टाक एरवी देव्हाऱ्यात असतो. त्या दिवशी तो नारळाबरोबर लाल फडक्यात बांधतात. घरातला एक पुरुष फेटा बांधून तो हातात घेतो आणि डफाच्या तालावर होळीभोवती नाचत गावभर फिरतो. तेवढा वेळ त्याला त्याच्या नावाने हाक मारत नाहीत. तो वीरच असतो. मोठी माणसंसुद्धा त्याच्या पाया पडतात.

उखर्डूचा टाक पाचोऱ्याला घडवला. त्यावर घोडेस्वार आहे, हातात तलवार. सोनाराकडे तेवढाच साचा होता. उखर्डू जन्मात घोड्यावर बसला नव्हता. लग्नाच्या वरातीत बसवायला गेले, तर घोड्याची काळजी वाटून तो पायीच चालला. पण टाकावर तो गेली त्रेपन्न वर्षं दौडतो आहे.

ज्ञानेश्वर वारल्यापासून हा वीर त्याचा मुलगा प्रेमराज नाचवतो. प्रेमराज बावन्न वर्षांचा, उंची पाच फूट चार इंच, उजव्या भुवईवर मस. वीर असताना काही खाऊ नये, असा नियम आहे. पण दोन तास नाचायला दम लागतो, म्हणून तो डाव्या गालात चिमूटभर तंबाखू ठेवतो. त्याने खाकी सदरा शिवून घेतला आहे. फेट्याखाली, खाकी सदऱ्यात, घामाने चमकणारा, एक गाल फुगलेला प्रेमराज आला, की भिकुबाई डोक्यावरून पदर पुढे ओढतात आणि पुतण्याच्या पाया पडतात. मग त्याला गुळाचं पाणी देतात. दुसऱ्या दिवशी तोच प्रेमराज "मोठमाय, चहा ठेव ना," म्हणत येतो, तेव्हा त्याला चूल दाखवतात.

गेल्या वर्षीच्या धुळवडीला हेमांगीताईंनी वीराचे चार फोटो काढले आणि निंबाभाऊंना पाठवले. खाली लिहिलं, 'हे आमचे उखर्डू वीर.'

असं का केलं, हे त्यांना नंतर ग्रामसभेत विचारण्यात आलं.

"त्या दिवशी ते प्रेमराजभाऊ नसतातच ना!" हेमांगीताई म्हणाल्या. "सगळं गाव पाया पडतं. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून, आठ वर्षं पडतेय. तुम्ही सगळे त्यांना उखर्डूबाबा म्हणता. मग फोटो दुसऱ्या कुणाचा झाला?"

ग्रामसभेने मग निंबाभाऊंना फोन लावला.

निंबाभाऊंचीही बाजू होती. ते स्वतः खानदेशातले, त्यांना वीर माहीत आहे. पण फोटो रंगीत आणि स्वच्छ होता. "मला वाटलं, मोबाइलवर जुन्या फोटोला रंग दिलाय," ते म्हणाले. "हल्ली सगळे तसंच पाठवतात. मागच्या महिन्यात एकाने आजोबा बर्फात उभे करून पाठवले. आजोबा धोतरावर. मी काही विचारत नाही, करून देतो."

दिवाळीच्या आधी पिकअपमधून पुतळा आला. गवताने भरलेलं गोणपाट अभिमन नानांनी स्वतः कापलं. गोणपाट खांद्यापर्यंत उतरलं.

"आरे, हाऊ ते प्रेमराज शे!" मागून कुणीतरी ओरडलं.

तो प्रेमराजच होता. सहा फुटी, ब्राँझच्या रंगाचा, हातात बंदूक घेतलेला. भुवईवरची मस होती. डाव्या गालातली तंबाखूसुद्धा होती. निंबाभाऊ हाताने बारीक काम करतात, अशी त्यांची ख्याती आहे.

खरा प्रेमराज गर्दीतून पुढे आला. त्याने पुतळ्याकडे पाहिलं, पुतळ्याशेजारी उभा राहिला, टाचा उंचावल्या. "ना भो, मी इतला उच्चा नई," तो म्हणाला. पण त्याला राग आलेला नव्हता. पुढचे काही दिवस तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून, जिथे पुतळा ठेवला होता, जरा जास्तच वेळा जाताना दिसला.

भिकुबाईंना बोलावून आणलं. त्या पायरीवर उभ्या राहिल्या, पुतळ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "रामराम, प्रेमराज." मग वळल्या आणि घराकडे चालू लागल्या.

हेमांगीताई मागे धावल्या. "अक्का, थांबा ना. पडदा तुम्हालाच ओढायचा आहे."

"जो माणूस गया, तेना पुतळा करा. मंग वढसू. दुसराना पडदा मी वढनार नई." भिकुबाई थांबल्या नाहीत. "प्रेमराजले मी लहानपनी नागडा देखेल शे. तेले हार कसाले घालू?"

प्रश्न एवढाच असता, तर निंबाभाऊंनी चेहरा हळूहळू बदलला असता. पण शाळेतल्या मुलींनी वीराला मान म्हणून पुतळ्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमराजची बायको सारिका दळण घेऊन तिकडून निघाली होती. तिला नवरा ओट्यावर दिसला, गळ्यात हार घालून. तिने दळण तिथेच ठेवलं.

"माझा माणूस जिवंत आहे," सारिका हेमांगीताईंना म्हणाली. "दोन वेळा जेवतो, घोरतो. मेलेल्याच्या फोटोला घालतात तसा हार मी रोज बघू? आणि वर गाव नमस्कार करणार? तो गळ्यातला हार निघत नाही, ते तोंड माझ्या नजरेआड होत नाही, तोवर मी येत नाही."

ती माहेरी पहूरला निघून गेली. प्रेमराज आठ दिवस विकतच्या शेवभाजीवर राहिला. नवव्या दिवशी तो पुतळ्याच्या विरोधात गेला.

११ डिसेंबरच्या अनावरणाला पाच आठवडे उरले होते. पत्रिका छापून झाल्या होत्या. निंबाभाऊ पुट्टीची गोणी, करवत आणि पॉलिशपेपर घेऊन आले आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात सतरंजीवर बसले. समोर अभिमन नाना, भिकुबाई, हेमांगीताई. कोपऱ्यात प्रेमराज, कारण मूळ चेहरा लागला तर जवळ असावा.

"तुम्ही सांगा, मी बदलतो," निंबाभाऊ वही उघडत म्हणाले. "नाक?"

"सरळ," अभिमन नाना म्हणाले. "म्हणजे मधे जरा वाकडं."

"कोणत्या बाजूला?"

नानांनी डोळे मिटले. "आमच्या घराण्यात असतं तसं," ते शेवटी म्हणाले.

"तुमना घरानाशी तेना काय संबंध, नाना?" भिकुबाई म्हणाल्या.

"अक्का, मी त्याला लहानपणापासून पाहिलंय. रोज आमच्या शेतात होता."

"देखं ना. कामले जाताना देखं, वझं लई जाताना देखं. आनि जळगावले तर बठ्ठा येळ तुमना पुढेच पळे ना तो! तुम्ही तेनी पाठ देखेल शे, नाना. तोंड नई."

कोपऱ्यात प्रेमराज हसला. नाना म्हणाले, "बुटात खडा होता."

"बरं, अक्का, मग तुम्ही सांगा," निंबाभाऊ म्हणाले. "तुमच्याइतकं कोण सांगणार?"

भिकुबाई सतरंजीची दशी ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "मीबी पाठच."

लग्नानंतर उखर्डू तीन वेळा रजेवर आला. सगळे मिळून एक्केचाळीस दिवस. घरात सासू-सासरे, दीर, दोन नणंदा. दिवसा नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती आणि पदर नाकापर्यंत. पदराखालून जमिनीपासून हातभर दिसायचं. रजेवर आला तरी तो घरी बसायचा नाही. कुणाचा चारा वाहा, कुणाची पोती वाहा. तो निघाला, की भिकुबाई दाराशी येऊन तो वळणावर जाईपर्यंत पाहायच्या. तेवढं मोकळेपणाने पाहता यायचं, कारण तो मागे वळायचा नाही. डोक्यावर ओझं असलं, की मान वळत नाही.

"तोंड नका इचारा," त्या निंबाभाऊंना म्हणाल्या. "पाठ इचारा."

"पाठ सगळ्यांची सारखीच असते, अक्का."

भिकुबाई उठल्या. बहात्तर वर्षांच्या आहेत, त्यामुळे प्रेमराजने हात दिला. तो त्यांनी बाजूला केला. पदराचं टोक पिळून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. कोपऱ्यातली जादा सतरंजी प्रेमराजला गुंडाळायला लावली आणि चुंबळीवर ठेवून घेतली. मग त्या सभागृहाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेल्या.

डावा हात वर, पण बोटं ओझ्याला जेमतेम लागलेली. उजवा हात मोकळा, कोपरातून बाहेर हलणारा. मान जरा पुढे. डावी टाच दर पावलाला आतल्या बाजूला पडत होती.

"हाच!" अभिमन नाना गुडघ्यांवर उठून बसले. "हाच तो! हाच उजवा हात! तिन्ही फेऱ्या हा हात माझ्यासमोर असाच हलत होता!"

"पहिल्या फेरीत नाही?" हेमांगीताईंनी विचारलं.

"पहिल्या फेरीत तो मागे होता."

निंबाभाऊंनी वहीत भराभर रेघा मारल्या. भिकुबाईंना आणखी दोनदा चालवलं, एकदा नानांना चालवून फरक पाहिला. मग वही फिरवून दाखवली. पाठमोरा जवान, डावा हात वर, डोक्यावर वळकटी.

तेवढ्यात नाना गंभीर झाले. ती वळकटी कोणाची, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. गावाच्या फाट्यावर, ऊनपावसात, कायमची.

"वळकटी नको," ते म्हणाले. "सैनिकाला शोभत नाही. पुतळा हमालाचा वाटेल."

"हमालच व्हता," भिकुबाई म्हणाल्या.

"तरी अध्यक्ष म्हणून माझा विरोध नोंदवा."

"मंग पेटी ठेवा."

कोणती पेटी, असं सगळ्यांनी एकदम विचारलं. तेव्हा भिकुबाईंनी जे सांगितलं, ते गावाला माहीत नव्हतं. ट्रंक घेऊन ठाकऱ्या आला, तेव्हा तो सासऱ्यांशी बसून बोलला होता. सासऱ्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. भिकुबाईंनी दाराआडून ऐकलं होतं.

काडतुसांची पेटी दोघांनी दोन कड्या धरून न्यायची असते. उखर्डूला ते वेळ वाया घालवणं वाटलं. त्याने मफलरीची चुंबळ केली आणि पेट्या एकट्याने डोक्यावरून न्यायला सुरुवात केली. वरचे हवालदार आधी ओरडले, मग पेट्या मोजून गप्प झाले. कालव्याच्या बाजूने त्याच्या तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला समोरून गोळीबार सुरू झाला. खंदकातून सगळे ओरडत होते, पेटी फेक, आडवा हो. उखर्डूने फेकली नाही. उरलेलं अंतर तो चालत आला, पळालाही नाही, कारण पेटी हलली असती. खंदकाच्या काठावर गुडघे वाकवून त्याने ती नीट खाली ठेवली. गोळी आधीच लागली होती. कधी, ते ठाकऱ्याला सांगता आलं नाही.

"तवय ते सांगेल व्हतं, खाले टाक," भिकुबाई म्हणाल्या. "टाकी नई."

निंबाभाऊंनी वळकटी खोडली आणि चौकोनी पेटी काढली.

"तुम्ही हे पन्नास वर्षांत कधी सांगितलं नाहीत, अक्का!" हेमांगीताई म्हणाल्या.

"कोनी इचारं नई."

पुढचं काम सरळ होतं. निंबाभाऊंनी पुतळ्याचा डावा हात खांद्यातून कापून वर बसवला. बंदूक पाठीवर गेली. छाती थोडी मागे घेतली, मान पुढे. भुवईवरची मस घासून टाकली आणि मिशी लावली. गाल मात्र राहू दिला. तो काढला तर जबड्यापर्यंत सगळंच काढावं लागेल आणि ते ११ डिसेंबरपर्यंत वाळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पेटीची सावली नाकापर्यंत येते, एवढ्यावर भागवावं.

"तोंड राहू द्या," भिकुबाई म्हणाल्या. "मी पुढल्या बाजूले जानार नई. फक्त पाठ गावकडे करा. तो गावमातून जाई राह्यना, आसा दिसाले पाहिजे."

पुतळ्याने गावाकडे पाठ करावी का, यावर ग्रामसभेत दोन तास चर्चा झाली. अपमान कोणाचा होतो, हे ठरेना. शेवटी पाहुणे एसटीच्या रस्त्याने येतात आणि त्यांना चेहराच दिसेल, या मुद्द्यावर ठराव पास झाला. प्रेमराजने पुतळ्यामागे उभं राहून सारिकाला व्हिडिओ कॉल लावला आणि गावाकडून येताना काय दिसेल, ते फिरून दाखवलं. सारिकाने पाठ दोनदा पाहिली.

"ही तुमची नाही," ती म्हणाली. "तुमची एवढी ताठ नाही. हाराचं काय?"

हात वर आहे आणि डोक्यावर पेटी आहे, तेव्हा गळ्यात हार जातच नाही, असं प्रेमराजने सांगितलं. हार पेटीला लटकवायचा. सारिका दुसऱ्या दिवशी आली. सोबत पहूरहून लोणच्याची बरणी आणली आणि घरात शिरायच्या आधी शेवभाजीची रिकामी पाकिटं मोजली.

११ डिसेंबरला सकाळी दहा वाजता कार्यक्रम झाला. पाहुणे समोर रस्त्याच्या बाजूला मांडवात. अभिमन नानांनी भाषण केलं. "१९६८च्या त्या धावेत उखर्डू तिसरा आला," ते म्हणाले. "मीही जवळपासच होतो."

"नाना, खडा सांगा!" मांडवातून आवाज आला. नानांनी खडा सांगितला.

मग भिकुबाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या आणि पडद्याच्या पुढच्या बाजूला न येता पुतळ्याला वळसा घालून मागे गेल्या. दोरी पुढे होती, पण त्यांनी पडदाच मागून उचलला आणि आत शिरल्या. पाहुणे टाळ्यांसाठी हात उचलून थांबले. फोटोग्राफरने चार फोटो काढले. त्यांत लाल पडदा आणि त्याखाली भिकुबाईंच्या चपला आहेत. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. हेमांगीताईंनी प्रेमराजला खूण केली आणि तो शिडी घेऊन मागे गेला.

आत भिकुबाई पुतळ्याच्या डाव्या टाचेजवळ वाकल्या होत्या. टाच आतल्या बाजूला वळलेली होती. निंबाभाऊंनी वहीतली रेघ बरोबर उतरवली होती, फक्त बूट होता. भिकुबाईंनी बुटावर हात फिरवला, उभ्या राहिल्या, दोन पावलं मागे येऊन पाठ पाहिली.

"बरोबर शे," त्या म्हणाल्या. "वढा पडदा."

पडदा मागच्या मागे ओढला गेला. टाळ्या झाल्या. भिकुबाईंनी हार दिला, प्रेमराजने शिडीवर चढून तो पेटीला अडकवला. खाली उतरत असताना त्याने ऐकलं, की भिकुबाई पदर पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "तंबाखू कमी खाय."

हे उखर्डूला म्हटलं की आपल्याला, हे प्रेमराजला अजून कळलेलं नाही. विचारायची त्याची हिंमत झाली नाही. तंबाखू त्याने सोडलेली नाही. पण फाट्यावर एसटीची वाट पाहताना कंडक्टर आधी पुतळ्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहतात. म्हणून तंबाखू तो आता उजव्या गालात ठेवतो.